पाच मीटरवरच्या पताका

२०२५ च्या एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी टँकवरून घरी परतताना, स्कूटरवर मागे ओल्या केसांनी बसलेली माझी भाची कानाशी ओरडून म्हणाली, "आत्या, तुला कळलं का? माझी शर्यत ऑलिंपिकमध्ये आली!" तिची शर्यत म्हणजे ५० मीटर बॅकस्ट्रोक, पाठीवर पोहण्याची. लॉस एंजलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्ही प्रकारांतल्या ५० मीटरच्या शर्यती पुरुषांसाठी आणि महिलांसाठी घेतल्या जातील, असा निर्णय त्याच सुमारास जाहीर झाला होता आणि तिच्या सरांनी बॅच सुटताना तो मुलांच्या कानावर घातला होता. तोवर ऑलिंपिकमध्ये ५० मीटरची एकच शर्यत होती, ती फ्रीस्टाईलची. बाकीच्या तीन प्रकारांत तलावाच्या एका लांबीची, म्हणजे ५० मीटरची, शर्यत जागतिक स्पर्धेत २००१ पासून आहे, पण ऑलिंपिकचे दार तिला बंद होते. तेरा वर्षांची मुलगी 'माझी शर्यत' हे शब्द ज्या हक्काने उच्चारते, त्याचे मला हसू आले. पण गंगापूर रोडच्या सिग्नलला थांबल्यावर मनात आले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. मला आठवली इजिप्तची फरीदा ओस्मान.

फरीदा बॅकस्ट्रोक पोहणारी नव्हे, ती बटरफ्लाय आणि फ्रीस्टाईलची. तरीही इजिप्तच्या, आणि एकूणच जलतरणात पहिल्या पंक्तीत न बसणाऱ्या कोणत्याही देशाच्या पोहणाऱ्याची कारकीर्द कशी घडते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायचे असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी लागते. ती १९९५ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला जन्मली आणि इजिप्तमध्ये वाढली. २०११ साली लिमा येथे झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तिने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर ती अमेरिकेत बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१७ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तिने त्याच शर्यतीत २५.३९ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. जलतरणाच्या जागतिक स्पर्धेतले इजिप्तचे ते पहिले पदक. तिच्या पुढे रौप्य घेणारी नेदरलँड्सची रानोमी क्रोमोविडयोयो २५.३८ सेकंदांत पोचली होती. म्हणजे फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. दोन वर्षांनी ग्वांगजू येथे फरीदाने पुन्हा कांस्यपदक मिळवले. आणि हे दोन्ही पराक्रम ज्या शर्यतीतले, ती शर्यत तिच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. जगात तिसरी असलेली मुलगी ऑलिंपिकला गेली की तिला दुसऱ्याच शर्यतींत उतरावे लागे, आणि तिथे ती अंतिम आठात नसे. आपल्याकडे एखाद्याने आयुष्यभर पन्नास षटकांचे क्रिकेट खेळावे आणि विश्वचषक मात्र फक्त कसोटीचाच भरवला जावा, तसा काहीसा हा प्रकार आहे. उपमा थोडी ताणलेली आहे, पण नाशिकमध्ये क्रिकेटशिवाय दुसरी उपमा पटकन कोणाला पटत नाही.

इजिप्त आणि पोहणे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाईल येते, जशी नाशिक म्हटल्यावर गोदावरी. आम्ही नाशिककर तिला गोदावरी कमी आणि गंगाच जास्त म्हणतो. पण स्पर्धेतले पोहणे नदीवर घडत नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे. कैरोमध्ये ते घडते नाईलच्या मधोमध असलेल्या गेझिरा बेटावरच्या गेझिरा क्लबसारख्या ठिकाणी. हा क्लब इंग्रजांनी १८८२ साली काढला. इजिप्तमध्ये क्रीडासंस्कृती म्हणजे बऱ्याच अंशी क्लबची संस्कृती: सभासदत्व असलेली घरे, त्यांची मुले, त्यांचे तलाव. आपल्याकडे महापालिकेच्या तलावाच्या बॅचसाठी रांग लावणाऱ्या पालकाला हे चित्र परके वाटेल. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांची ओळख असलेल्याला मात्र तितकेसे वाटणार नाही. दुसरे केंद्र म्हणजे समुद्राकाठचे अलेक्झांड्रिया. तिथली परंपरा जुनी आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याच्या स्पर्धांत फरीद सिमायका याने इजिप्तसाठी एक रौप्य आणि एक कांस्यपदक मिळवले होते. उंच मनोऱ्यावरच्या शर्यतीत त्याला आधी विजेता म्हणून घोषितही केले होते आणि मग गुणांच्या फेरमोजणीत त्याचे सुवर्ण रौप्य झाले. लांब पल्ल्याच्या पोहण्यातही इजिप्तचा दबदबा होता. १९५० साली इंग्लिश खाडी पार करण्याच्या शर्यतीत हसन अब्देल रहीम पहिला आला होता. आपले मिहिर सेन १९५८ साली आणि आरती साहा १९५९ साली ती खाडी पोहून गेले, तेव्हा इजिप्शियनांची तिथे चांगलीच ये-जा होती. तलावातल्या, घड्याळावरच्या पोहण्यात मात्र इजिप्तच्या वाट्याला ऑलिंपिक पदक आलेले नाही. आपल्याही नाही.

म्हणून इजिप्तमधल्या एखाद्या बॅकस्ट्रोक पोहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने पंधराव्या-सोळाव्या वर्षी 'हेच करायचे' असे ठरवले, तर पुढे कोणत्या पायऱ्या आहेत हे पाहणे मला फार उद्बोधक वाटते. त्यांच्या देशाचे भौगोलिक नशीब असे की त्यांना तीन घरांची आमंत्रणे असतात. आफ्रिकी म्हणून आफ्रिकी क्रीडास्पर्धा आहेत, ज्या १९६५ साली ब्राझाव्हिलला सुरू झाल्या आणि १९९१ साली कैरोतही भरल्या. अरब म्हणून अरब क्रीडास्पर्धा आहेत, ज्यांचा आरंभ १९५३ साली अलेक्झांड्रियातच झाला. आणि भूमध्य समुद्राच्या काठचा देश म्हणून भूमध्यसागरी क्रीडास्पर्धा आहेत, ज्यांची पहिली खेपही अलेक्झांड्रियातच, १९५१ साली भरली होती. या तिन्हींचा दर्जा सारखा नाही. अरब स्पर्धेत इजिप्तचा पोहणारा पदकाच्या हिशेबाने उतरतो. भूमध्यसागरी स्पर्धेत त्याच्या शेजारच्या लेनमध्ये इटलीचा, फ्रान्सचा, स्पेनचा माणूस असतो आणि तिथे अंतिम फेरी गाठली तरी घरी फोन करावासा वाटतो. राहिली आफ्रिका. आफ्रिकेत सोपे जाईल असे नकाशा पाहून कोणालाही वाटेल. बॅकस्ट्रोकच्या बाबतीत नेमके तेच खरे नाही.

कारण आफ्रिकेत बॅकस्ट्रोकचे घराणे दक्षिण टोकाला आहे. दक्षिण आफ्रिकेचा गेरहार्ड झँडबर्ग २००७ साली मेलबर्न येथे ५० मीटर बॅकस्ट्रोकचा जगज्जेता झाला. त्याच देशाचा पीटर कुट्झे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०० मीटरला पहिला आला आणि २०२५ साली सिंगापूरला त्याच शर्यतीत जगज्जेता झाला, तोही ५१.८५ सेकंदांत. आणि या दोघांच्याही आधी, या दोघांहूनही मोठी, झिंबाब्वेची कर्स्टी कॉव्हेंट्री.

तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९८३ साली हरारेमध्ये जन्मलेली ही मुलगी अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या विसाव्या वर्षी, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरली आणि तिने २०० मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्ण, १०० मीटर बॅकस्ट्रोकचे रौप्य आणि २०० मीटर वैयक्तिक मिडलेचे (चारही प्रकार एकामागून एक पोहण्याच्या शर्यतीचे) कांस्य अशी तीन पदके मिळवली. झिंबाब्वेला त्याआधी मिळालेले एकमेव ऑलिंपिक पदक म्हणजे १९८० च्या मॉस्कोतले महिला हॉकीचे सुवर्ण. चार वर्षांनी बीजिंगला तिने काय केले ते पाहा. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत ती ५८.७७ सेकंदांत पोहली. तो जागतिक विक्रम होता. अंतिम फेरीत तीच कर्स्टी ५९.१९ सेकंदांत दुसरी आली आणि अमेरिकेची नॅटली कॉफलिन ५८.९६ सेकंदांत सुवर्ण घेऊन गेली. आदल्या दिवशीचाच वेळ पुन्हा काढता आला असता तर सुवर्ण तिचे होते. पोहणाऱ्या माणसाला याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नाही, कारण हरवणारी दुसरी कोणी नसते, कालची आपणच असतो. त्याच स्पर्धेत दोन्ही मिडले शर्यतींतही तिच्या वाट्याला रौप्यच आले. एका आठवड्यात तीन रौप्ये. आणि मग २०० मीटर बॅकस्ट्रोक: २ मिनिटे ५.२४ सेकंद, जागतिक विक्रम, सुवर्ण. दोन ऑलिंपिकमध्ये मिळून सात पदके, आणि ती अशा देशासाठी, जिथे त्या काळात महागाईने वाढणारी नोटांवरची शून्ये मोजता मोजता लोक थकत होते.

इजिप्तच्या बॅकस्ट्रोकपटूला आफ्रिकेचा विक्रम हवा असेल तर तो या नावांच्या अंगणात जाऊन आणावा लागतो. त्याच्या कारकिर्दीवर कोणी दोन ओळी लिहिल्या आणि त्यात 'आफ्रिकी स्पर्धेत रौप्य' असे आले, तर वाचणारा ते पटकन वाचून पुढे सरकतो. मी सरकत नाही. शेजारच्या लेनमध्ये कोण होते, हे आधी बघते.

हे कुतूहल माझ्यात आले ते माझ्या स्वतःच्या टाळूमुळे. मी सोळा वर्षांची असताना बॅकस्ट्रोक पोहत असे. जिल्ह्यापलीकडे माझी फारशी मजल गेली नाही, पण सराव मात्र मनापासून केला. ज्यांनी पाठीवरचे पोहणे कधी केले नाही त्यांच्यासाठी सांगते: या प्रकारात पोहणाऱ्याला जिथे जायचे आहे ते दिसत नाही. दिसते ते आकाश किंवा छत. डोके हलवायचे नाही; आमचे सर कपाळावर रुपयाचे नाणे ठेवून लांबी पोहायला लावत आणि नाणे पडले की परत पहिल्यापासून. दंड पाण्याबाहेर येतो तेव्हा अंगठा आधी निघतो, डोक्यामागे आत शिरताना करंगळी आधी शिरते, आणि खांदे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर लोळत राहतात. या सगळ्यात भिंत कधी येणार हे कळण्याची एकच सोय असते. तलावाच्या दोन्ही टोकांना, भिंतीपासून पाच मीटरवर, पाण्याच्या वर साधारण १.८ मीटर उंचीवर एक दोरी बांधलेली असते आणि तिला त्रिकोणी पताका लावलेल्या असतात. पताका डोळ्यांवरून सरकल्या की हात मोजायचे. कोणाचे तीन, कोणाचे चार, कोणाचे पाच. ही संख्या प्रत्येकाची स्वतःची असते आणि ती इतक्या वेळा मोजलेली असते की फोन नंबर विसरेल, पण ती विसरणार नाही. माझी संख्या चार.

शहरातल्या एका तलावावर आमची निवड चाचणी होती. आदल्या आठवड्यात तिथे काहीतरी समारंभ झाला होता आणि त्या वेळी काढलेली पताकांची दोरी परत कोणी लावलीच नव्हती. आम्ही दोन मुलींनी जाऊन सांगितले. "एवढ्याने काय होतंय, अंदाजाने पोहा," असे उत्तर मिळाले. मी अंदाजाने पोहले. छतावरच्या एका खांबाची खूण मनाशी धरली होती, ती चुकली, आणि ज्या हाताने भिंतीला स्पर्श करायचा तो हात अजून मांडीशी असताना डोके भिंतीवर आदळले. आवाज मोठा झाला, असे काठावरचे म्हणत होते. मला पाण्याखाली तो लाकूड फुटल्यासारखा ऐकू आला. तीन टाके पडले. चाचणीत माझा वेळ चांगला होता, हे मला नंतर दवाखान्यात कळले. आजही केस विंचरताना फणी त्या जागी अडते.

आमच्या घरात या प्रसंगावरून सर्वांत जास्त संतापले ते आबा, माझे आजोबा. त्यांना तलावातले पोहणे मुळातच मान्य नव्हते. ते गंगेवर शिकले, गांधी तलावाच्या बाजूला, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून, आणि पुराचे पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत चढले यावरून उडी मारायची की नाही हे ठरवणाऱ्या पिढीतले. त्यांचे उताणे पोहणे मी लहानपणी पाहिले आहे. दोन्ही हात एकाच वेळी डोक्यामागून उचलून ते पाण्यात टाकत आणि पाय बेडकासारखे मारत. श्रम कमी, वेग बेताचा, आणि चेहऱ्यावर पेन्शनरांच्या कट्ट्यावर असावे तसे समाधान. स्पर्धेतला बॅकस्ट्रोक शिकल्यावर मला ते पोहणे अडाणी वाटू लागले होते. पुढे वाचनात आले की बॅकस्ट्रोक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा घेतला गेला तो १९०० साली पॅरिसमध्ये, तोही नदीत, सेनच्या प्रवाहाच्या दिशेने. जर्मनीच्या अर्न्स्ट होपेनबर्गने ती २०० मीटरची शर्यत जिंकली, आणि त्या काळचे पाठीवरचे पोहणे बरेचसे आमच्या आबांसारखेच, दोन्ही हात एकदम टाकण्याचे होते. एकामागून एक हात टाकण्याची पद्धत गाजली ती १९१२ साली, स्टॉकहोमला अमेरिकेच्या हॅरी हेबनरने त्या पद्धतीने १०० मीटरचे सुवर्ण जिंकल्यावर. आबांना हे सांगायला मी उशीर केला. ते आधीच गेले होते.

हेबनरनंतर या प्रकारात दुसरी मोठी उलथापालथ झाली ती पाण्याखाली. १९८८ च्या सोलच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ सुरुवातीची ढकल घेतल्यावर वर येतच नसे. दोन्ही पाय जोडून डॉल्फिनसारखे फटके मारत तो निम्म्याहून अधिक लांबी पाण्याखालीच काढत असे. प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, पण अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीने, जो स्वतःही बराच वेळ पाण्याखालीच होता, त्याला ५५.०५ सेकंदांत मागे टाकले. त्यानंतर पाण्याखाली राहण्यावर मर्यादा आली; आधी १० मीटर, मग १५ मीटर. ही मर्यादा इजिप्तच्या किंवा भारताच्या मुलांच्या कारकिर्दीला कशी भिडते, हे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मुख्य स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. त्यातले १५ मीटर पाण्याखाली काढता आले तर बॅकस्ट्रोक करायला उरतेच किती? म्हणून तिथे जाणाऱ्याला सर्वांत आधी पाय तयार करावे लागतात, श्वास तयार करावा लागतो, आणि मग उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी ५० मीटरच्या तलावात उतरले की तेच पाय सलग लांबीवर पुन्हा नव्याने बसवावे लागतात. फरीदा याच वाटेने गेली. तिच्या आधी इजिप्तचीच रानिया एल्वानी डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात गेली होती. कर्स्टीही याच वाटेची. कैरोच्या क्लबमधून किंवा हरारेच्या शाळेतून थेट ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उतरल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. मधे अमेरिकेतला एखादा यार्डांचा तलाव असतोच.

आपला श्रीहरी नटराज हा बंगळुरूचा मुलगा बॅकस्ट्रोकमध्ये भारताचा सर्वांत वेगवान ठरला, तो तिकडे शिकायला न जाता. टोकियो ऑलिंपिकसाठी १०० मीटर बॅकस्ट्रोकची थेट पात्रता ५३.८५ सेकंदांची होती. २०२१ च्या जूनमध्ये रोम येथे तो ५३.७७ सेकंदांत पोहला, म्हणजे अवघ्या ०.०८ सेकंदाने आत. टोकियोत मात्र त्याला ५४.३१ सेकंद लागले आणि तो सत्ताविसावा आला. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५० मीटर आणि १०० मीटर या दोन्ही बॅकस्ट्रोक शर्यतींची अंतिम फेरी गाठली, आणि १०० मीटरच्या त्या फेरीत सुवर्ण घेणारा वर उल्लेखलेला पीटर कुट्झेच होता. २०२४ साली पॅरिसला श्रीहरी ५५.०१ सेकंदांत तेहतिसावा आला.

टोकियोतलीच आणखी एक शर्यत माझ्या मनात घर करून आहे. महिलांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकची पहिली हीट, म्हणजे प्राथमिक फेरीतला पहिला गट. जागतिक जलतरणात पहिली हीट म्हणजे सर्वांत कमी वेगाच्या नोंदींची हीट, आणि त्या दिवशी तीत तीनच मुली होत्या. त्यांतली एक अहमदाबादची माना पटेल. तिला देशागणिक दिल्या जाणाऱ्या राखीव जागेतून प्रवेश मिळाला होता. ती १ मिनिट ५.२० सेकंदांत दुसरी आली आणि एकूण क्रमवारीत एकोणचाळिसावी. त्या हीटमध्ये पहिली आलेली मुलगी झिंबाब्वेची होती, डोनाटा कटाई. ऑलिंपिकमध्ये झिंबाब्वेकडून पोहणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी. आमच्याकडे दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर ही हीट कोणी पाहिली असेल तर ती मानासाठी, आणि दोन मिनिटांत ती संपली म्हणून पुढे सरकलेही असतील. मी ती तीनदा पाहिली. कर्स्टीच्या देशातली पुढची मुलगी, कर्स्टीचाच प्रकार घेऊन, आपल्या मुलीच्या शेजारी पोहत होती, आणि त्या तीन लेनसाठीही दोन्ही टोकांना पताका नीट बांधलेल्या होत्या.

वृत्तपत्रांत अशा शर्यतींचे वर्णन 'प्राथमिक फेरीतच आव्हान संपुष्टात' या चार शब्दांत होते. मला या वाक्याचा राग येतो, हे कबूल करते. आव्हान हा शब्दच चुकीचा आहे. सत्ताविसाव्या क्रमांकाच्या माणसाने कोणाला आव्हान दिलेले नसते. त्याने स्वतःचा वेळ काढायला सकाळी साडेचारचा गजर दहा-बारा वर्षे लावलेला असतो. नाशिकमध्ये डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा उघड्या तलावाच्या पाण्यावरून वाफा निघत असतात आणि बॅकस्ट्रोकवाल्या मुलांचे हात पाण्याबाहेर आले की लाल होतात. त्यांना वर दिसते ते आधी काळे, मग करडे, मग निळे होत जाणारे आकाश, आणि गोदाकाठच्या झाडांकडे परतणारी वटवाघळे. उन्हाळ्यात आठनंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो; म्हणून बॅकस्ट्रोकवाल्यांचे गॉगल गडद काचेचे असतात, आणि बाकीची मुले त्यांना 'हिरो' म्हणून चिडवतात. कैरोतल्या मुलामुलींचे आकाश याहून जास्त उन्हाचे असेल, एवढाच फरक.

पोहणे संपल्यावर काय, हा प्रश्न अशा कारकिर्दीत फार लवकर येतो, आणि इजिप्तचे उत्तर मला आवडते. रानिया एल्वानी १९९२, १९९६ आणि २००० अशा तीन ऑलिंपिकमध्ये पोहली. सिडनीत ती ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाईलच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली होती. पदक नाही. पण २००४ साली अथेन्समध्ये जगभरच्या खेळाडूंनी आपले प्रतिनिधी म्हणून ज्यांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवडून दिले, त्यांत मोरोक्कोचा धावपटू हिशाम एल गेरूज आणि चेक प्रजासत्ताकाचा भालाफेकपटू यान झेलेझनी यांच्यासारख्या सुवर्णपदकवाल्यांच्या जोडीला ही डॉक्टर झालेली कैरोची बाई होती. त्याच अथेन्समध्ये पाण्यात कर्स्टी कॉव्हेंट्री पहिले सुवर्ण जिंकत होती; पुढे तीही खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून त्याच समितीवर गेली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या समितीची अध्यक्ष म्हणून निवडून आली. या पदावरची ती पहिली महिला आणि आफ्रिकेतली पहिली व्यक्ती. आपल्याकडे कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य घेऊन आला आणि नंतर तहसीलदार झाला. ५० मीटर बटरफ्लाय. पुन्हा तीच, ऑलिंपिकमध्ये नसलेली शर्यत. वीरधवल आणि फरीदा यांच्या वाट्याला जे आले नाही ते आता २०२८ साली कोणा तिसऱ्याच्या वाट्याला येईल. 'माझी शर्यत ऑलिंपिकमध्ये आली' हे वाक्य म्हणायला एखाद्याचे वय बसते, एखाद्याचे बसत नाही.

गेल्या रविवारी बॅच संपल्यावर तलाव जवळजवळ रिकामा होता. भाचीने हट्ट धरला, "आत्या, एक लांबी पाठीवर टाक ना, मी टायमिंग घेते." बऱ्याच वर्षांनी मी पाण्यात पाठ टेकली. कान पाण्यात गेले की बाहेरचे सगळे आवाज बुजतात आणि स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो, ते तसेच होते. मधल्या अंतराविषयी न बोललेले बरे. मग पताका डोळ्यांवरून सरकल्या: लाल, पिवळी, लाल. मी मोजले. एक, दोन, तीन. आणि तिसऱ्यानंतर हात डोक्यामागे ताणून, पायांचा जोर काढून, मी नुसतीच भिंतीपर्यंत तरंगत गेले.

वर पाहिले तर ती काठावर स्टॉपवॉच धरून उकिडवी बसली होती. वेळ तिने सांगितलाच नाही. "चार आहेत तुझे," ती म्हणाली, "तीनलाच का थांबलीस?"